मशीन पाठवा, पण बूटही पाठवा

३ जून २०२० चा बुधवार आमच्या तळा तालुक्यातला माणूस जन्मात विसरणार नाही. टाळेबंदीमुळे मुंबईची बरीच मंडळी गावी येऊन राहिली होती. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, रोहा, माणगाव, तळा हा सारा पट्टा झोडपून काढला. घरांची कौले गेली, पत्रे उडाले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा माणसे बाहेर आली आणि बघतात तर रस्ताच नाही. आजोबा-पणजोबांच्या हातचे आंबे मुळासकट आडवे, माड मध्येच मोडलेले, सागवान एकावर एक पडलेले आणि त्यांच्याखाली विजेच्या तारा व खांब.

ती झाडे कोणी उचलली? सरकारी पथके आली, पण ती मोठ्या रस्त्यांवर. वाडीतली वाट मोकळी केली ती वाडीतल्याच माणसांनी, कोयता, कुऱ्हाड, पहार आणि दोर घेऊन. दोन-तीन दिवसांनी कोणीतरी एक झाड कापायची मशीन आणली. कुऱ्हाडीला जिथे अर्धा दिवस लागत होता तिथे मशीनने दहा मिनिटांत ओंडका कापून दिला. पोरे डोळे विस्फारून पाहत राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि पुन्हा झाडे पडली. तेव्हापासून ही मशीन, जिला दुकानदार चेनसॉ म्हणतात, गावोगाव झाली. पावसाळ्याआधी फांद्या उतरवायच्या, बागेतली वाळलेली झाडे काढायची, घरावर आलेला माड पाडायचा, सगळीकडे तीच.

आता एक प्रश्न विचारतो. बाग कोणाची आणि मशीन कोणाच्या हातात? बाग ज्याची त्याची असो. मशीन बहुतेक वेळा असते ती बिनजमिनीच्या नाहीतर दोन गुंठेवाल्या मजुराच्या हातात. त्यात आपली बौद्धवाडीतली मुले आहेत, आदिवासी वाडीतली आहेत. म्हणून हा विषय बागायतदाराच्या पानावर न देता आम्ही कुटुंबाच्या पानावर देत आहोत.

काकींचे म्हणणे

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका वाडीत गेलो होतो. ‘जयभीम’ झाला, पाणी आले. घरातला बावीस वर्षांचा मुलगा ओटीवर बसला होता. डाव्या खांद्यापासून दंडापर्यंत जखमेची ताजी रेघ. एका बागेत आंब्याच्या फांदीवर उभा राहून तो मशीन चालवत होता. मशीन मालकाची, शिकवले कोणी नाही, पायात रबरी चप्पल. पट्टीचे टोक मागच्या फांदीला लागले आणि मशीन उसळून अंगावर आली. चार बोटे इकडे आली असती तर गळा होता. मालकाने दवाखान्याचा पहिला खर्च दिला आणि मजुरी मात्र अर्ध्या दिवसाची धरली, कारण काम अर्धेच झाले होते!

त्याच सुमारास गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून वाडीला एक मशीन द्यायचे ठरवले होते. कोणती घ्यावी, हे बघायला आम्हाला सांगितले होते. आम्ही ती गोष्ट काढली तशा मुलाच्या आई, ज्यांना सगळी वाडी काकी म्हणते, त्या चुलीपासून उठून बाहेर आल्या.

“भाऊ, मशीन पाठवा. कुऱ्हाड मारून माझ्या घरवाल्याची कंबर गेली, ते मी बघितलंय. पण पोराच्या पायात बूट घालून पाठवा.”

त्यानंतर आम्ही दुकाने फिरलो, वर्षानुवर्षे मशीन चालवणाऱ्यांना विचारले, मशीनबरोबर येणारी पुस्तिका ओळ न ओळ वाचली. त्यातून जे कळले ते काकींच्या एका वाक्यातच आहे. तरी तपशील सांगतो, कारण असा प्रश्न पुष्कळ वाड्यांपुढे आहे.

यंत्र वाईट नाही

आपल्याकडे काही म्हातारी माणसे म्हणतात, ‘कशाला ही मशीन? आमची कुऱ्हाड बरी.’ हे आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात यंत्राविरुद्धच्या विचाराचा समाचार घेतला आहे. माणसाला गुराढोरासारखे राबावे लागू नये, त्याला विसावा आणि विचाराला वेळ मिळावा, हे यंत्रानेच शक्य होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नसतो, ते कोणाच्या फायद्यासाठी आणि कोणाच्या जिवावर चालते त्या व्यवस्थेचा असतो. मशीनने कुऱ्हाडीचे कष्ट वाचवावेत आणि हातपायही शाबूत ठेवावेत, एवढेच आपले मागणे आहे.

या मशीनची कथाही ऐकण्यासारखी आहे. साखळीला दात लावून फिरवायची कल्पना पहिल्यांदा लाकडासाठी निघालीच नाही. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळी-करवत केली होती. लाकडाच्या मशीन विसाव्या शतकात आल्या. पण त्यांचे दात वारंवार बोथट होत. अमेरिकेतला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका ओंडक्यातली अळी पाहत बसला होता. अळी लाकूड सरळ न खाता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कोरत जात होती. त्यावरून त्याने डावा दात, उजवा दात अशी साखळी बनवली. आजही आपल्या मशीनवर असते ती चेन त्याच जातीची आहे. एका मजुराने एका अळीकडून शिकून जगाला दिलेली ती देणगी आहे.

कोणती मशीन घ्यावी?

बाजारात पाच-सात हजारांना मशीन मिळते आणि पंचवीस-तीस हजारांनाही मिळते. स्वस्तातली मशीन बघायला मोठी असते: ५८ सीसीचे इंजिन, २२ इंचांची पट्टी. ‘एवढ्याच पैशात एवढी मोठी!’ म्हणून माणूस भुलतो. पण लांब पट्टी म्हणजे जास्त वजन, टोक नजरेपासून लांब आणि उसळण्याचा धोका अधिक. आपल्याकडच्या नेहमीच्या कामाला, म्हणजे मांडीएवढ्या जाड फांद्या, मध्यम आंबा, पडलेला माड, ३५ ते ४५ सीसीची आणि १४ ते १६ इंच पट्टीची मशीन पुरते. तिचे वजन पट्टी, चेन, पेट्रोल धरून साधारण सहा किलोच्या आत राहते. दिवसभर हातात धरायची वस्तू आहे. किलोभर वजनाचा फरक संध्याकाळी हातांना कळतो.

दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी स्वतः हाताने तपासाव्यात.

पहिली, चेनचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर एक आडवा दांडा असतो. तो पुढे ढकलला की चेन तत्काळ थांबली पाहिजे. मशीन उसळली की मनगट लागून किंवा झटक्यानेच तो दांडा पुढे जातो आणि जीव वाचतो. ज्या मशीनला हा ब्रेक नाही किंवा ढिला आहे, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुसरी, वेगाच्या खटक्याचे कुलूप. मागची मूठ तळहाताने नीट दाबल्याशिवाय खटका दाबला जाता कामा नये. तिसरी, मागच्या मुठीखालचा रुंद पत्रा. चेन तुटली तर ती हातावर न येता त्यावर आदळते. चौथी, मुठी आणि इंजिन यांमधल्या रबराच्या गाद्या किंवा स्प्रिंगा. त्या नसल्या तर सगळी थरथर हातात उतरते. वर्षानुवर्षे अशी थरथर सोसलेल्या माणसाची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, आणि ते नुकसान पुष्कळदा भरून येत नाही.

पाचवी गोष्ट दुकानदाराला विचारायची: चेन, पट्टी, प्लग, दोरी हे सुटे भाग इथे किंवा माणगावला मिळतील का? दुरुस्ती कोण करेल? मशीन परजिल्ह्यातून आणून पहिल्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेली आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

बॅटरीवरची मशीन घ्यावी का? आवाज कमी, धूर नाही, वजन बेताचे, घरच्या बागेला चांगली. पण आठवा, निसर्ग वादळानंतर आपल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. ज्या दिवशी मशीनची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी बॅटरी भरायला वीज नाही. वाडीसाठी एकच मशीन घ्यायची असेल तर ती पेट्रोलची असावी असे आमचे मत आहे.

मोबाईलवरच्या जाहिरातीत एका हातात मावणारी चार-सहा इंची मशीन दाखवतात. मनगटाएवढी फांदी तिने निघते. परंतु एका हाताने मशीन आणि दुसऱ्या हाताने फांदी धरायची सवय लागली की तो दुसरा हातच कापला जातो. लहान मुलांच्या हाती तर ती लागूच देऊ नये.

तीन रुपयांतला एक रुपया

मंडळाला आम्ही एक हिशेब घालून दिला. जमलेल्या प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया अंगावरच्या साधनांसाठी बाजूला ठेवा. मशीन थोडी लहान येईल, येऊ द्या.

त्या रुपयात काय येते? जाळीचा पडदा आणि कानांची झाकणे असलेले हेल्मेट. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. रोज आठ तास ऐकायचा तर ८५ च्या वर कान बिघडू लागतो. पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. पकड चांगली बसेल असे हातमोजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पायांवर बांधायचे खास कापडाचे आवरण. त्यात लांब लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन अडकून थांबते. जाड जीनची पँट हे काम करीत नाही. कोकणच्या उकाड्यात पूर्ण पँट नकोशी होते, म्हणून फक्त पुढून बांधायचे आवरण घ्यावे. तेही न वापरता कोणी म्हणेल ‘आमाला सवय हाय’, तर त्याला मशीन देऊ नये. लुंगी, गळ्यातला गमछा, सैल सदरा, हातातला दोरा हे सगळे काम सुरू करण्यापूर्वी घरी ठेवावे.

पेट्रोल, तेल आणि कानस

या इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. पुष्कळ मशीनना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, असे प्रमाण असते. आपल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहूनच मिसळावे. अंदाजपंचे ओतले तर इंजिन जाम होते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या दमट हवेत मिसळलेले पेट्रोल महिनाभराच्या वर ठेवू नये. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावी.

चेनला वेगळे तेल लागते. पुष्कळजण गाडीचे काढलेले काळे तेल टाकतात. त्यातली घाण तेलाचा पंप बुजवते आणि ते तेल उडून हातातोंडाच्या कातडीला लागते. दहा रुपये वाचवायला जाऊन पट्टी जाळून घेऊ नये.

चेन धारदार आहे की नाही, हे भुशावरून ओळखावे. कापताना चपटे तुकडे पडत असतील तर धार आहे. पीठ पडू लागले तर धार गेली. बोथट चेनने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की तोल जातो. गोल कानस चेनच्या मापाची लागते, ४ मिलिमीटर, ४.८ मिलिमीटर वगैरे. प्रत्येक दातावर सारखेच हात मारावेत, नाहीतर मशीन वाकडी कापते. माडाचे खोड बाहेरून अतिशय कठीण आणि धाग्यांचे असते, चेन पटकन बोथट करते. म्हणून माडाच्या कामाला दुसरी चेन बरोबर ठेवावी.

हातात घेतल्यावर

मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पायाचे टोक रोवून दोरी ओढावी. हवेत हिसका देऊन सुरू करणे ही फुशारकी आहे. कापताना दोन्ही हात मुठींवर, डावा अंगठा पुढच्या मुठीखालून वेढलेला. खांद्याच्या वर मशीन नेऊ नये. शिडीवर उभे राहून चालवू नये. झाडावर चढून मशीन चालवणे हे दोर, पट्टा आणि शिक्षण असलेल्याचे काम आहे. आपल्या पोरांनी झाडावर कोयता आणि हातकरवत वापरावी, मशीन खाली ठेवावी.

उसळण्याचे कारण एकदा नीट समजून घेऊ. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागला की दात अडकतात आणि चेनचा सगळा जोर पट्टीला मागे, वर, आपल्या तोंडाकडे फेकतो. पापणी लवायच्या आत हे होते. म्हणून टोक कुठे आहे यावर सतत नजर हवी आणि आपले डोके, मान कधीही पट्टीच्या सरळ रेषेत असू नये, थोडे बाजूला असावे. काकींच्या मुलाच्या बाबतीत हेच घडले होते. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

उभे झाड पाडताना आधी ते कुठे पडणार आणि आपण कुठे पळणार हे ठरवावे. पळायची वाट मागे आणि तिरकी असावी, आधीच साफ करून ठेवावी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस, गुरे, मुले नकोत. पडायच्या बाजूला जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी खाच काढावी. मग मागून, खाचेपेक्षा किंचित वर काप घ्यावा, पण खाचेपर्यंत जाऊ नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड शिल्लक ठेवावे. दाराला बिजागरी असते तसे ते लाकूड झाडाला ठरलेल्या दिशेला नेते. ते कापून टाकले की झाड कुठेही जाईल. मागच्या कापात लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकावी, लोखंडाची नव्हे.

वादळात पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा फसवे असते. त्यात ताण साठलेला असतो. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी आधी वरून तिसरा हिस्सा कापावा, मग खालून वर यावे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे लोंबत असेल तर उलट: आधी खालून थोडे, मग वरून. थोडक्यात, दाबलेली बाजू आधी, ताणलेली मागाहून. बाजूला वाकून ताणलेल्या फांदीच्या फुगीर बाजूला तर उभेच राहू नये. सुटली की ती लाठीसारखी बसते. उपटलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा खोड कापल्यावर धाडकन जागेवर उभा राहतो. त्या खड्ड्यात कोणी पोर उतरले नाही ना, हे काप घेण्याआधी पाहावे.

आणि तारा. झाड विजेच्या तारेवर असेल तर मशीन सुरूच करू नये. ‘लाइट गेलीय’ म्हणजे तार मेली असे होत नाही; कुठल्या तरी घरातल्या जनरेटरची वीजही उलटी येऊ शकते. महावितरणच्या लाइनमनने स्वतः येऊन सांगितल्यावरच हात लावावा.

एकट्याने हे काम करू नये. जोडीदार हाकेच्या अंतरावर असावा, खिशात मोबाईल आणि स्वच्छ कापडाची जाड घडी असावी. जखम झाली तर घडी घट्ट दाबून धरावी आणि १०८ ला फोन करावा. मोठ्या जखमेला तळ्याहून माणगाव गाठावे लागते, तेवढा वेळ रक्त थांबवून धरणे जोडीदाराच्या हातात असते.

चिपर हवाच का?

फांद्यांचे बारीक तुकडे करणारे चिपर यंत्रही आता दुकानात दिसते. आमचे मत विचाराल तर घाई करू नये. आपल्याकडे फांद्या वाया कुठे जातात? काही राबाला जातात, काही चुलीला, काही मांडवाला. उरतात त्या माडाच्या झावळ्या आणि बागेतली बारीक छाटणी. त्या जाळण्याऐवजी तुकडे करून आंब्या-माडाच्या बुंध्याभोवती पसरल्या तर उन्हाळ्यात ओल टिकते. मात्र ते ताजे तुकडे मातीत मिसळू नयेत, वरच ठेवावेत. मातीत गेले तर कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतात.

हे काम एका घराला परवडणारे नाही, बचत गटाला परवडू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्याची समाजकल्याण खात्याची योजना आहे. असा ट्रॅक्टर ज्या गटाकडे असेल त्याने त्यावर चालणाऱ्या चिपरचा विचार करावा. शेतीच्या अवजारांना ‘महाडीबीटी’वर अर्ज करता येतो आणि अनुसूचित जातीच्या, अल्पभूधारक व महिला शेतकऱ्यांना इतरांपेक्षा जास्त टक्क्यांनी अनुदान असते. यंदाच्या यादीत कोणते यंत्र आहे ते कृषी खात्याकडे आधी विचारावे.

चिपरवर बहुधा आपल्या भगिनीच काम करतील, म्हणून त्यांना खास सांगणे. पदर, ओढणी, सुटे केस, बांगड्या, गळ्यातली माळ यांतले काहीही सैल राहू देऊ नका. फांदी जाड बाजूने आत घाला आणि लगेच सोडा. झावळी पीळ मारून हात ओढते. शेवटचा तुकडा काठीने ढकला, हाताने कधीही नाही. अडकले तर आधी यंत्र बंद, किल्ली खिशात, पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच झाकण उघडा. बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहते. आणि यंत्रावर लिहिलेली फांदीची जाडी मऊ, ओल्या लाकडाची समजा. आंब्याच्या वाळक्या फांदीला ती धरू नका.

कागद आणि मजुरी

आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे स्वतःच्या जागेतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नगरपंचायतीच्या हद्दीत नगरपंचायतीकडेही विचारावे. परवानगी काढणे हे मालकाचे काम आहे, पण प्रसंग आला की विचारपूस होते ती ज्याच्या हातात मशीन असते त्याची. म्हणून परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोरी ओढू नये.

मजुरी ठरवताना दिवसाचा रोज, मशीनचे भाडे, पेट्रोल-तेल आणि जखम झाल्यास दवाखान्याचा पूर्ण खर्च, हे चारही शब्द चार माणसांसमोर आधी बोलून घ्यावेत. बोलायला संकोच वाटतो, तोच संकोच मालकाच्या पथ्यावर पडतो. याशिवाय बँकेत किंवा पोस्टात खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये भरून अपघाताचा विमा काढता येतो. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख मिळतात. मशीनला हात लावणाऱ्याचा हा विमा आहे की नाही, हे घरातल्या बाईने पासबुक उघडून पाहावे.

शेवटी

मंडळाची मशीन वाडीत आली. १६ इंचांची. तिच्याबरोबर दोन हेल्मेट, दोन जोडी बूट, दोन पायांची आवरणे आणि दोन कानसी आल्या. पेटी समाजमंदिराच्या खोलीत ठेवली आहे आणि तिच्यावर नियम एकच लिहिला आहे: बूट आणि हेल्मेट घालून दाखवेल त्यालाच मशीन मिळेल. मशीन भाड्याने बाहेर गेली तर भाड्यातला वाटा चेन आणि कानशीसाठी वहीत जमा होतो. वही एका शाळकरी मुलीकडे आहे.

पेटीची किल्ली कोणाकडे ठेवावी यावर बैठकीत वाद झाला. एक म्हणाला अध्यक्षांकडे, दुसरा म्हणाला सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी मुंबईला असतात. शेवटी सर्वांनी ती काकींकडे दिली. त्यांचा मुलगा आता पुन्हा कामाला जातो. पहिल्या दिवशी तो घाईत चपलेवरच किल्ली मागायला आला, तेव्हा काकींनी त्याला ओटीवर बसवले आणि बूट समोर आणून ठेवले. त्याने नाड्या बांधल्या, मग किल्ली मिळाली.

पावसाळा दर वर्षी येतो आणि वादळ पुन्हा येणारच नाही असे कोण सांगेल? आपापल्या वाडीत, मंडळात मशीन घ्यायचा विषय निघेल तेव्हा हा लेख वाचून दाखवा, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची तेही आधी ठरवा.